एक फुल, तीन हाफ

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वर्गात चाळीसच्या आसपास मुलं. मी चष्मा नुसता नाकाच्या शेंड्यावर आणला, तरी सगळी तोंडं एकदम मिटतात. पारनेरच्या बाजारात मी मेथीची जुडी निवडत असले आणि समोरून एखादा जुना विद्यार्थी आला, तर त्याला मिशा फुटलेल्या असूनही तो हात मागे बांधून उभा राहतो. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. घरात मुलं दोनच आहेत. थोरला तिसरीत आणि धाकटी अंगणवाडीत. चष्मा मी नाकावर आणते, कपाळावर नेते, काढून पदराला पुसते, पण काही होत नाही. धाकटीने तर एकदा काळजीने विचारलं, "मम्मी, तुला दिसत नाही का?"

पालकसभेत दरवर्षी कुणीतरी आई उठून विचारते, "बाई, दिवाळीची सुट्टी एवढी मोठी कशाला हो?" मी शांतपणे सांगते, "मुलांना मोकळा वेळ मिळायला हवा. घरच्यांचा सहवास मिळायला हवा." हे मी ऑक्टोबरात म्हणते. नोव्हेंबरात मला कुणी हा प्रश्न विचारत नाही, हे त्यांचं नशीब.

त्यातून 2023 ची दिवाळी फारच सैल होती. गुरुवारी 9 नोव्हेंबरला वसुबारस, शुक्रवारी धनत्रयोदशी, शनिवार रिकामा. रविवारी पहाटे पहिली अंघोळ आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन, दोन्ही एकाच दिवशी उरकलेलं. सोमवार पुन्हा भाकड, मंगळवारी पाडवा, बुधवारी भाऊबीज. पंचांग करणाऱ्यांच्या घरी लहान मुलं नसावीत. असती तर सणाच्या मधोमध रिकामे दिवस ठेवायची त्यांची छाती झाली नसती.

आमचे हे सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला. कंपनीला सुट्टी लागली तशी त्यांनी घरात घोषणा केली, "यंदा पोरांना आपली दिवाळी दाखवायची. टीव्ही बंद, मोबाइल बंद. आमच्या लहानपणी असली थेरं होती का? किल्ला करायचा, फराळ करायचा, मामाच्या गावाला जायचं. पोरांना कळू दे आनंद काय असतो."

"तुझ्या लहानपणी," सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "शेजारच्यांचा किल्ला मोठा झाला म्हणून तू रस्त्यात लोळला होतास."

ह्यांनी ते ऐकलं नाही. घरात मुलांना ऐकू येत नाही अशी तक्रार असते, ती कुठून आली हे सासूबाईंना बघून कळतं. म्हणजे त्यांना नाही, त्यांच्या चिरंजीवांना बघून.

किल्ल्याला मुरूम हवा म्हणून ह्यांनी एका ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. चार घमेली पुरली असती. पण तो म्हणाला, "साहेब, ट्रॉलीच्या खाली परवडत नाही." दिवसभर दुसऱ्याला साहेब म्हणणाऱ्या माणसाला कुणी साहेब म्हटलं, की त्याच्या तोंडून नाही निघत नाही. संध्याकाळी अंगणात ट्रॉलीभर मुरूम पडला. सासूबाईंनी ओट्यावरून पाहिलं आणि विचारलं, "किल्ला बांधतोस का बंगला?"

रायगडाचं काम सकाळीच सुरू झालं. दुपारपर्यंत कडे उभे राहिले. त्या कड्यावर धाकटी चढली आणि कडा तिला घेऊन खाली आला. मग राजगड काढला. तो चहाच्या वेळेला गेला. "तोरणा सोपा असतो," असं म्हणत ह्यांनी तोरणा घेतला आणि दिवेलागणीला तोही पडला. रायगड 1689 मध्ये पडल्यानंतर राजगड आणि तोरणा जातीने येऊन घ्यायला औरंगजेबाला 1704 उजाडावं लागलं. आमच्या धाकटीने तिन्ही गड एका दिवसात, तेही चप्पल न घालता घेतले.

तेव्हा ह्यांना स्थानिक इतिहास आठवला. "आपल्या जिल्ह्याचा किल्ला कोणता? नगरचा भुईकोट! मग तोच करायला पाहिजे." भुईकोटाचा मोठा गुण म्हणजे त्याच्यावरून कुणी घरंगळत नाही. पण भुईकोट म्हणजे खंदक आला, खंदक म्हणजे पाणी आलं, आणि पाणी म्हटलं की पारनेर तालुक्यातला माणूस आधी आभाळाकडे बघतो आणि मग टँकर येतो त्या रस्त्याकडे. त्या साली पावसाने हात आखडताच घेतला होता. तरी ह्यांनी खंदकात दोन कळश्या ओतल्या. खंदक कोरडा. आणखी दोन ओतल्या. पुन्हा कोरडा.

"राळेगणसिद्धीच्या तालुक्यात राहून एवढं कळंना तुला?" सासूबाई म्हणाल्या. "चर खणल्यावर पाणी जिरणारच की. जिरावं म्हणून तर अण्णांनी हयात घालवली."

शेवटी खंदकात निळा प्लास्टिकचा कागद अंथरला. मावळे आणले. बाजारात मावळ्यांची मापं ठरलेली नसतात, त्यामुळे पहारेकरी दरवाज्यापेक्षा उंच आणि तोफ पहारेकऱ्याच्या चपलेएवढी अशी सेना उभी राहिली. धाकटीने बुरुजावर आपली सोनेरी केसांची बाहुली आणून ठेवली. हे म्हणाले, "ए, ही काढ." थोरला म्हणाला, "असू द्या पप्पा, ती चांदबीबी." 1595-96 मध्ये मोगलांच्या वेढ्याविरुद्ध चांदबीबीने हाच किल्ला लढवला, हे मीच त्याला शिकवलेलं. त्यामुळे मला बोलायला जागा राहिली नाही, आणि गुलाबी फ्रॉकातली चांदबीबी दिवाळीभर बुरुजावर डोळे मिचकावत बसली.

याच किल्ल्यात 1942 पासून पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद कैदेत होते आणि नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथंच लिहिलं, असंही मी मुलांना सांगितलं. सांगता सांगता माझंच लक्ष उडालं. जाड भिंती. बाहेर खंदक. आत सगळी मोठी, शहाणी माणसं. लिहायला वेळ. आणि "मम्मी, हिने माझं घेतलं" असं ओरडणारं कुणी नाही. इंग्रजांनी शिक्षा म्हणून काय काय द्यावं!

किल्ला पुरा झाला तेव्हा मुलं शेजारच्यांकडे कार्टून बघत होती. अंगणात चिखलाने माखलेले हे एकटेच उकिडवे बसले होते आणि मोहरी पेरत होते. "गवत उगवतं," त्यांनी मला समजावलं. सकाळी शेजारच्या कोंबड्यांनी पीक उगवायच्या आतच काढून नेलं.

फराळाबद्दल थोडक्यात सांगते, कारण फराळ करणारीला त्याबद्दल बोलायचं त्राण नसतं. मुलांना हाताशी घेऊन काम करावं, त्यातून त्यांना श्रमाचं मोल कळतं, हे मी शाळेत फळ्यावर लिहिते. म्हणून करंज्या भरायला दोघांना बसवलं. एका करंजीत सारणाऐवजी खोडरबर निघालं. ते कोणत्या पाहुण्यांच्या वाट्याला गेलं हे बोलायचं नाही, असं घरात ठरलं आहे, कारण त्यांचं आमच्याकडे अजून येणं-जाणं आहे. डबे भरून चकल्या, शेव, शंकरपाळे, लाडू तयार झाले. शेवटचा डबा फळीवर ठेवून मी मागे वळले, तर दोघं दारात उभी.

"मम्मी, भूक लागली."

"चकली घे."

"चकली नको. भूक लागलीय."

मी मॅगी केली.

रविवारी पहाटे सासूबाईंनी थोरल्याचं पांघरूण ओढलं. "ऊठ रे. उजाडायच्या आत अंघोळ केली नाही तर नरकात जावं लागतं."

"तिथं किती वाजता उठवतात?" पांघरुणातून आवाज आला.

धाकटीने उटणं बेसन समजून चाटलं आणि मग ते सगळ्यांच्या टॉवेलांना पुसलं. घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला दिवसभर सुगंध येत होता, एवढं खरं.

त्या दिवशी तारीख होती 12 नोव्हेंबर. सेनापती बापटांचा जन्मदिवस. सेनापती आमच्या पारनेरचे, 1880 चा जन्म. पुण्या-मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, त्यामुळे तिकडच्या लोकांना ते मुख्यतः वाहतूक कोंडीमुळे माहीत. पण पारनेरच्या पोरांना सगळा इतिहास पाठ असतो. ह्यांनी फटाके आणले होते ते फुलबाज्या, भुईचक्रं आणि भुईनळे. थोरल्याने पिशवी उलटी केली आणि विचारलं, "सुतळी बॉम्ब?"

"नाही. लहान मुलांनी बॉम्ब वाजवायचा नसतो."

"सेनापती बापट पॅरिसला जाऊन बॉम्ब करायला शिकले होते. बाईंनी सांगितलंय. ते पारनेरचेच होते ना? मग मला एक पण नाही?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी ह्यांच्याकडे. अशा वेळी इतिहासाच्या पुस्तकात स्वाध्यायानंतर उत्तरं दिलेली नसतात. सासूबाईंनी देवघरातून न वळताच सांगितलं, "ते पारनेरला परत आल्यावर झाडू घेऊन गाव झाडायचे रे बाळा. आधी तेवढं कर. नवी केरसुणी पूजेची आहे, तिला हात लावू नको. जुनी दाराआड आहे."

थोरला गप्प झाला. मला वाटलं, जिंकलो. संध्याकाळी मी त्याला अंगणातला कचरा काढायला सांगितला, तर हाताची घडी घालून म्हणाला, "लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी झाडलं तर लक्ष्मी बाहेर जाते. आजीनेच सांगितलंय." सासूबाईंनी मान डोलावली. त्या कोणत्या बाजूला आहेत, हे मला लग्नापासून कळलेलं नाही.

टीव्ही बंदचा नियमही त्याच दिवशी दुपारी दोन वाजता जरा सैल झाला. बेंगळुरूत भारत-नेदरलँड्स सामना होता. ह्यांनी "पूजेचा मुहूर्त बघतो" म्हणून टीव्ही लावला आणि भारताच्या 410 धावा होईपर्यंत मुहूर्त सापडला नाही.

सोमवार आला. भाकड दिवस. सण नाही, शाळा नाही, किल्ल्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही. सकाळी नऊच्या आत दोघांची सहा भांडणं झाली. एक भांडण खिडकीवरून होतं. खिडकी कुणाची, यावरून. म्हणून आम्ही निघोजला रांजणखळगे बघायला जायचं ठरवलं. मोटारसायकलवर धाकटी टाकीवर, हे, थोरला, मी आणि माझ्या मांडीवर चकल्यांचा डबा. ही बसण्याची पद्धत वाहतुकीच्या नियमांत नाही, पण तालुक्यात तीच रूढ आहे.

निघोजचं कुंड म्हणजे निसर्गाची अजब करामत. कुकडी नदीच्या पात्रातल्या काळ्या बेसॉल्ट खडकाला रांजणाएवढे, काही त्याहून मोठे खड्डे पडले आहेत. देशोदेशीचे अभ्यासक ते बघायला येतात. मी बाई असल्यामुळे तिथंही तास सुरू केला. "बघा, पाण्याबरोबर दगडगोटे येतात, खडकाच्या खळग्यात अडकतात. पाण्याचा भोवरा त्यांना गरागरा फिरवतो. हजारो वर्षं असंच फिरत राहिल्यावर एवढा टणक खडकसुद्धा पोखरला जातो." बोलता बोलता माझी नजर दोघांवर गेली. ती एकमेकांभोवती गरागरा फिरत होती. माझ्या स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीला कोपऱ्यात खळगा का पडलाय, याचा तिथं उलगडा झाला. आमच्या रांजणखळग्याला हजारो वर्षं लागली नाहीत, एवढाच काय तो फरक.

"नदीला कुणी म्हटलं नाही का, एका जागी शांत बस म्हणून?" थोरल्याने विचारलं.

पलीकडचा काठ शिरूर तालुक्याचा, म्हणजे पुणे जिल्ह्याचा. हे ह्यांनी त्याला सांगायला नको होतं. त्याने लगेच एक गोटा उचलला, सगळा जोर लावून पलीकडे भिरकावला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "म्या पुण्याला दगड मारला!" आजूबाजूच्या दोन-तीन नगरकरांनी कौतुकाने बघितलं. एकजण म्हणाले, "शाब्बास." मी मात्र त्या कुंडावर काहीही पाहिलं नाही. मी दोन मनगटं पाहिली, डाव्या हातात एक आणि उजव्या हातात एक. ती सोडली तर काय होईल या विचाराने पर्यटन जागच्या जागी संपलं.

पाडव्याला ह्यांना ओवाळलं. ताटात ओवाळणी म्हणून ट्रॉलीवाल्याची पावती पडली. म्हणाले, "यातच समजून घे."

भाऊबीजेला मात्र एसटी. माझं माहेर आळेफाट्याजवळ, आणि सासूबाईंचे भाऊ वाटेवर टाकळी ढोकेश्वरला, म्हणून सगळेच निघालो. त्या वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलं. कंडक्टरने आमच्या रांगेवर नजर फिरवली आणि हिशेब केला. मी अर्धी. सासूबाई अर्ध्या. थोरला पाचाच्या वर आणि बाराच्या आत, म्हणून अर्धा. धाकटी पाचाच्या आत, म्हणून फुकट. "म्हणजे एक फुल, तीन हाफ," तो म्हणाला, "पूर्ण फक्त तुमचं एकट्याचं, दादा." सबंध कुटुंबात आपण एकटेच पूर्ण आहोत, हे सरकारी पातळीवर मान्य झाल्यामुळे ह्यांची मान ताठ झाली. सासूबाई म्हणाल्या, "मशीन बिघडलं असंल."

तेवढ्यात धाकटीने हात वर करून पाचही बोटं दाखवली. "मी एवढी मोठी आहे!"

कंडक्टर थांबला. "पाच पूर्ण?"

"चार हो, चार," मी म्हटलं. "तिला अंगठा आत धरता येत नाही."

त्याने वाकून तिचा अंगठा स्वतः आत दुमडून बघितला. तो सुटून परत बाहेर आला. त्याने नि:श्वास टाकला आणि म्हणाला, "माझ्या धाकट्याचं पण असंच आहे." मग पुढच्या सीटकडे गेला.

तो दिवस 15 नोव्हेंबर, विश्वचषकाची उपांत्य फेरी, वानखेडेवर समोर न्यूझीलंड. मोबाइल बंदचा नियम टाकळी येईपर्यंत टिकला. सासूबाई खाली उतरल्या, त्यांनी पदर सारखा केला, गाडी सुटली आणि ह्यांनी खिशातून मोबाइल काढला. "स्कोअर फक्त." त्या फक्त स्कोअरवर आजूबाजूची सात डोकी येऊन टेकली. थोरला सगळ्यांच्या कोपरांखालून शिरून म्हणाला, "पप्पा, तुमच्या लहानपणी असली थेरं होती का?" ह्यांना रेंज नव्हती, दोन्ही अर्थांनी.

आळेफाटा पुणे जिल्ह्यात येतो हे थोरल्याला वाटेत समजलं, तेव्हा तो काही वेळ गंभीर झाला. "म्हणजे ज्यांना परवा दगड मारला, त्यांच्याकडेच फराळाला चाललो आपण?"

माहेरी पोचलो, पाट मांडला, भाऊ टोपी घालून बसला. मी ताट घेऊन समोर, आणि त्याचे डोळे माझ्या डाव्या खांद्यावरून टीव्हीवर. मी डावीकडे सरकले, डोळे उजव्या खांद्यावर आले. "अरे, तोंड इकडे कर." "ताई, दोनच धावा राहिल्यात गं." मी निरांजन फिरवायला सुरुवात केली आणि विराट कोहलीचं एकदिवसीय सामन्यातलं पन्नासावं शतक झालं. सचिनचा एकोणपन्नासांचा विक्रम मोडला. भाऊ पाटावरून जो उडाला, तो हातभर पुढे येऊन बसला. टोपी निरांजनावर पडता पडता वाचली. आनंदाच्या भरात त्याने माझ्या ताटात घातली ती नोट मोठी होती, आणि शुद्धीवर आल्यावर भाचीच्या ताटात घातली ती शंभराची. थोरल्याने वाकून बघितलं. "मामा, शतक झालं म्हणून शंभरच का?"

त्याच्या पुढच्या रविवारी, 19 तारखेला, अहमदाबादला आपण अंतिम सामना हरलो. त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणीच कुणाशी भांडलं नाही. मोठी माणसं भिंतीकडे बघत बसली होती. मुलं पहिल्यांदाच न सांगता जेवली, ताटं उचलून ठेवली आणि आपणहून झोपली.

मग शाळा उघडली. घंटेच्या अर्धा तास आधी मी पोचले, तर माझ्या आधीच काही जणी येऊन स्टाफरूममध्ये बसल्या होत्या. कुणी काही बोलत नव्हतं. सगळ्या डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकत होत्या. त्या सगळ्यांना लहान मुलं आहेत.

थोरल्याला सुट्टीचा अभ्यास होता, "दिवाळीत मी काय केलं" यावर दहा ओळी. त्याने लिहिलं होतं: पप्पांनी किल्ला केला. पप्पांनी मोहरी पेरली. पप्पांनी भुईनळे उडवले. पप्पांनी मॅच बघितली. पप्पा मॅच हरले. अशा दहा ओळी. त्याच्या बाईंनी खाली लाल शाईने विचारलं होतं, "आणि तू?" मला हसू आलं. मग मी माझ्या वर्गाच्या वह्या तपासायला घेतल्या, आणि एकीत ते, दुसरीत ते, तिसरीतही तेच. तालुक्यातल्या यच्चयावत पप्पांनी त्या दिवाळीत किल्ले केले होते. एका वहीत एवढाच फरक होता की तिथं मम्मीने केला होता, आणि तो पडला नव्हता.

आता एक निवेदन. आमच्या अंगणात ट्रॉलीभर मुरूम, त्यातली फार तर चार घमेली वजा करून, तसाच पडून आहे. चाळलेला नाही, पण इतिहास घडलेला आहे. कुणाला घराच्या भरावाला किंवा पुढच्या दिवाळीच्या किल्ल्याला हवा असेल, तर फुकट घेऊन जावा. वाहन स्वतःचं आणावं. मुलं बरोबर आणू नयेत.